बलोपासक यूजेन सँडो

बाह्या नसलेल्या बनियनला आपल्याकडे सर्रास सँडो म्हणतात. दुकानांत जाऊन आपण तें नांव उच्चारतों, दुकानदार बनियन काढून पुढें ठेवतो, आणि व्यवहार संपतो. परंतु हें एका मनुष्याचें नांव होतें, व एके काळीं लंडनपासून मुंबईपर्यंत आणि शिकागोपासून सिडनीपर्यंत तें बलाचा पर्याय म्हणून लोकांच्या तोंडीं होतें, हें आज फार थोड्यांस ठाऊक असेल. ज्याचे दंड व छाती पाहण्यासाठीं हजारों लोक पैसे मोजीत, ज्याच्या शरीराचा सांचा एका जगप्रसिद्ध वस्तुसंग्रहालयानें काढून घेतला, आणि ज्यानें असंख्य तरुणांस व्यायामाचा नाद लाविला, त्या यूजेन सँडोचें चरित्र अनेक दृष्टींनीं मनोरंजक आहे. परंतु येथें तें सांगण्याचा हेतु थोडा निराळा आहे. बळकट होण्यासाठीं काय खावें व किती खावें, हा प्रश्न प्रत्येक तरुणास केव्हां ना केव्हां पडतोच. या प्रश्नाचें खरें उत्तर सँडोनें आपल्या आचरणानें दिलें होतें. पुढें त्याच उत्तराचा त्याला स्वतःला कांहींसा विसर पडला. या दोन्ही गोष्टी आपणांस सारख्याच बोधप्रद आहेत.

सँडोचें मूळ नांव फ्रीड्रिख विल्हेल्म म्यूलर. त्याचा जन्म ता. २ एप्रिल १८६७ रोजीं प्रशियांतील क्यॉनिग्सबर्ग शहरीं झाला. हें शहर दुसऱ्या महायुद्धानंतर रशियाकडे गेलें व कालिनिनग्राद या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. लहानपणीं आपली प्रकृति नाजूक होती, असें सँडो पुढें नेहमीं सांगत असे. बापाबरोबर इटलीच्या प्रवासास गेला असतां तेथील प्राचीन वीरांचे संगमरवरी पुतळे त्यानें पाहिले. अशीं पिळदार शरीरें आजच्या माणसांस कां लाभत नाहींत असें त्यानें बापास विचारलें. आणि त्या लोकांचें जीवन कष्टाचें व आपलें ऐषआरामाचें, हें उत्तर ऐकून त्यानें मनाशीं निश्चय केला, अशी ती हकीकत आहे. सँडो आपल्या गोष्टी रंगवून सांगण्यांत पटाईत होता, म्हणून या कथेच्या प्रत्येक शब्दावर भिस्त ठेवण्याचें कारण नाहीं. तथापि तिच्यांतील मुख्य गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्या मुलास हेवा वाटला तो केवळ आकाराचा नव्हे, तर प्रमाणबद्धतेचा. त्या पुतळ्यांना छाती होती, दंड होते, परंतु सुटलेलें पोट नव्हतें.

सैन्यांतील सक्तीची नोकरी टाळण्यासाठीं या तरुणानें १८८५ च्या सुमारास जन्मभूमि सोडली. फिरत्या सर्कशींत कसरती करीत, मिळेल तें काम पत्करीत तो युरोपांत हिंडूं लागला. अशा ओढगस्तीच्या दिवसांत ब्रुसेल्स शहरीं त्याची गांठ लुडविग डुर्लाखर या गृहस्थाशीं पडली. हा गृहस्थ प्रोफेसर अटिला या नांवानें रंगभूमीवर बलाचे प्रयोग करीत असे, व त्याची स्वतःची व्यायामशाळा होती. पोरसवदा म्यूलरच्या अंगांतील गुण त्यानें तत्काळ ओळखला. वजनें कशीं उचलावींत, तीं कोणत्या क्रमानें वाढवावींत, आणि साध्य केलेलें बळ प्रेक्षकांपुढें कसें मांडावें, हें सारें त्यानें शिष्यास शिकविलें. यूजेन सँडो हें नवें नांवही याच काळांत रूढ झालें. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. सँडोच्या शरीराचा पाया घातला गेला, त्या दिवसांत त्याला दूध, तूप व बदाम यांचा खुराक पुरविणारा कोणी राजा किंवा सावकार भेटलेला नव्हता. भेटला होता तो एक जाणता गुरु, आणि जवळ होती ती रोजच्या रोज करण्याची चिकाटी.

१८८९ सालीं गुरूच्या प्रोत्साहनानें सँडो लंडनला आला. त्या वेळीं तेथील रॉयल अक्वेरियम या रंगमंदिरांत चार्ल्स सॅम्सन नांवाच्या मल्लाचे प्रयोग गाजत होते. तो दंडावर बांधलेल्या सांखळ्या दंड फुगवून तोडी, छातीभोंवतीं गुंडाळलेली तार श्वासाच्या जोरानें तोडी, आणि आपल्यासारखें करून दाखविणाऱ्यास मोठें बक्षीस देण्याचें आव्हान देई. ता. २ नोव्हेंबर रोजीं सँडोनें हें आव्हान स्वीकारलें. साध्या पोशाखांतील हा तरुण सॅम्सनपुढें उभा राहिलेला पाहून प्रेक्षक प्रथम हंसले. परंतु त्यानें अंगावरचे कपडे उतरतांच तें हंसणें जागच्या जागीं थांबलें, असें सांगतात. सॅम्सनच्या सांखळ्या सँडोनेंही तोडल्या, तारही तोडली, आणि एका रात्रींत त्याचें नांव सर्व लंडनभर झालें.

त्या काळच्या बहुतेक बलवान पुरुषांशीं तुलना केली म्हणजे सँडोचें वैशिष्ट्य कळतें. बळ म्हणजे भार, आणि भार म्हणजे भरपूर खाणें, अशी तेव्हां सर्वसाधारण समजूत होती. कॅनडाचा लुई सिर हा त्या पिढींतील अत्यंत बलिष्ठ मनुष्य होता, यांत शंका नाहीं. त्याचें वजन ३०० पौंडांहून अधिक होतें, व त्याच्या खाण्याच्याही दंतकथा झाल्या होत्या. परंतु मूत्रपिंडाच्या विकारानें जर्जर होऊन तो १९१२ सालीं वयाच्या ४९ व्या वर्षीं वारला. उलट, १८९३ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील शारीरिक शिक्षणाचे प्रसिद्ध तज्ज्ञ डॉ. डडले सार्जंट यांनीं सँडोची तपासणी केली, तेव्हां त्याची उंची सुमारें ५ फूट ८ इंच आणि वजन सुमारें १८० पौंड, म्हणजे आजच्या मापानें ८२ किलोच्या आसपास भरलें. डॉ. सार्जंट यांनीं हजारों विद्यार्थ्यांचीं मापें घेतलेलीं होतीं. इतकें सुघटित शरीर आपल्या पाहण्यांत आलेलें नाहीं, असा अभिप्राय त्यांनीं दिला. सँडोच्या शरीरांत जो भार होता, तो कामाचा होता.

त्याच १८९३ सालीं शिकागो येथें मोठें जागतिक प्रदर्शन भरलें होतें. फ्लोरेन्झ झीगफेल्ड या तरुण नाट्यव्यवस्थापकानें सँडोस तेथें नेलें. लोकांना उचललेल्या वजनांपेक्षां उचलणाऱ्याच्या शरीराचेंच अधिक कौतुक वाटतें, हें त्या चाणाक्ष माणसानें ओळखलें, आणि सँडोस प्राचीन पुतळ्यांप्रमाणें निरनिराळ्या आविर्भावांत उभें राहण्यास सांगितलें. १८९४ सालीं एडिसनच्या चित्रशाळेंत सँडोचें छोटें चलच्चित्र घेण्यांत आलें. चलच्चित्रांच्या अगदीं आरंभकाळांतील तें एक होय. याच वर्षीं सॅन फ्रान्सिस्को येथें त्याची सिंहाशीं झुंज जाहीर करण्यांत आली. सिंहाच्या तोंडास मुसकें व पंजांस पिशव्या बांधल्या होत्या, आणि त्या बिचाऱ्या जनावरानें झुंजण्याचा मुळीं उत्साहच दाखविला नाहीं. खरें बळ आणि बळाचा देखावा यांतील अंतर या प्रसंगीं चांगलें दिसून आलें. सँडोच्या आयुष्यांत या दोन गोष्टी शेवटपर्यंत शेजारींशेजारीं नांदल्या.

त्याचें खरें कार्य सुरू झालें तें मात्र यानंतर. १८९७ सालीं त्यानें लंडन येथील सेंट जेम्स स्ट्रीटवर आपली व्यायामसंस्था उघडली. त्याच वर्षीं बळ व तें मिळविण्याचा मार्ग या विषयावरचें त्याचें पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि पुढील वर्षीं त्यानें शारीरिक संवर्धनास वाहिलेलें मासिक काढलें. कारकून, दुकानांतील नोकर, शाळेंतील मुलगे, बैठें काम करून वाकलेले गृहस्थ, हे त्याचे शिष्य झाले. त्यांना तो अवजड वजनें देत नसे. हलकीं डंबेल्स घेऊन, मन त्या त्या स्नायूवर एकाग्र करून, ठराविक क्रमानें रोज थोडा वेळ व्यायाम करावा, हळूहळू संख्या वाढवावी, आणि नंतर थंड पाण्यानें स्नान करावें, अशी त्याची पद्धति होती. आरंभीं छाती, दंड, कंबर, मांड्या इत्यादींचीं मापें घेऊन तीं नोंदवून ठेवावयाचीं, व कांहीं महिन्यांनीं पुन्हां घेऊन ताडून पाहावयाचीं, यावर त्याचा विशेष कटाक्ष असे. दूरदूरचे लोक आपलीं मापें टपालानें पाठवीत.

साहजिकच प्रत्येकजण त्याला एकच प्रश्न विचारी, कीं तुझ्या आहाराचें रहस्य काय? सँडोनें आपल्या पुस्तकांतून याचें जें उत्तर दिलें, त्यानें पुष्कळांची निराशा झाली असेल. कोणत्याही खास आहारावर आपला विश्वास नाहीं, असें त्यानें स्पष्ट लिहिलें. खरी भूक हीच उत्तम मार्गदर्शक आहे. साधें व पचण्याजोगें अन्न ठरलेल्या वेळीं घ्यावें, नीट चावून खावें, पोटास तडस लागेपर्यंत खाऊं नये, मद्याच्या नादीं लागूं नये, आणि झोप पुरेशी घ्यावी, एवढेंच त्याचें सांगणें होतें. ज्याच्या शरीराकडे पाहून लोक थक्क होत, त्यानें ताटांत कांहीं जादू नाहीं हें कबूल करावें, ही लहान गोष्ट नव्हे.

आणि शास्त्राचाही कल त्याच दिशेनें वळत होता. जर्मनीचा सुप्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ लीबिग याचें मत असें होतें, कीं काम करतांना स्नायूंतील प्रथिनेंच जळतात. म्हणून जो अधिक श्रम करील त्यानें अधिक मांस खाल्लें पाहिजे. या मताची परीक्षा झुरिक येथील फिक व विस्लिसेनुस या दोन प्राध्यापकांनीं १८६५ सालीं मोठ्या गमतीच्या रीतीनें घेतली. त्यांनीं प्रथिनें नसलेलें अन्न, म्हणजे चरबींत तळलेल्या पिठुळ सत्त्वाच्या वड्या व साखर घातलेला चहा, एवढ्यावर राहून स्वित्झर्लंडांतील फाउलहॉर्न पर्वताची सुमारें दोन हजार मीटरांची चढण चढली, आणि मूत्रांतून बाहेर पडलेल्या नत्राचें मोजमाप केलें. त्यावरून जेवढीं प्रथिनें शरीरांत जळलीं असें दिसलें, तेवढ्यांच्या शक्तीवर ती चढण होणें शक्यच नव्हतें. तात्पर्य, स्नायु हें यंत्र आहे; तें चालविणारें इंधन मुख्यतः पिष्टमय व स्निग्ध पदार्थांतून मिळतें. प्रथिनें लागतात तीं यंत्र बांधण्यासाठीं व दुरुस्त राखण्यासाठीं.

मग तीं किती लागतात? म्यूनिकच्या कार्ल व्हॉइट यानें श्रम करणाऱ्या मनुष्यास रोज ११८ ग्रॅम प्रथिनें असावींत, असें प्रमाण सांगितलें होतें. अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे प्राध्यापक रसेल चिटेन्डन यांनीं हें प्रमाण तपासून पाहिलें. सैनिक, विद्यार्थी मल्ल व खुद्द प्राध्यापक यांना महिनोनमहिने या मानाच्या निम्म्याच्या आसपास प्रथिनांवर ठेवून त्यांचें बळ मोजलें, तों तें कमी न होतां उलट वाढलेलें आढळलें. १९०४ सालीं हे प्रयोग ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. आजचें ज्ञान या दोघांच्या मधें कोठें तरी येऊन स्थिरावलें आहे. साध्या प्रौढ मनुष्यास शरीराच्या दर किलोमागें सुमारें ०.८ ग्रॅम प्रथिनें पुरतात. वजनांचा नेमानें व्यायाम करणारास त्याहून अधिक, परंतु सुमारें १.६ ग्रॅमच्या पलीकडे गेल्यास स्नायूंत विशेष भर पडत नाहीं.

सँडोच्या चरित्रांतील कळस म्हणजे ता. १४ सप्टेंबर १९०१ चा दिवस. त्या रात्रीं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें त्यानें भरविलेल्या शरीरसौष्ठवाच्या महास्पर्धेची अंतिम फेरी झाली. अशा प्रकारची ती पहिलीच मोठी स्पर्धा मानली जाते. इंग्लंडच्या निरनिराळ्या परगण्यांतून निवडून आलेले तरुण उभे होते. प्रेक्षागृह तुडुंब भरलें होतें. सँडोसह परीक्षक म्हणून शिल्पकार सर चार्ल्स लॉज आणि शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल हे बसले होते. परंतु महत्त्वाचे होते ते परीक्षेचे नियम. सर्वांगाची वाढ, त्या वाढींतील समतोल, स्नायूंचा कसदारपणा, एकंदर आरोग्य आणि त्वचेची स्थिति, या सर्वांस गुण होते. ज्याचे स्नायु सर्वांत मोठे तो विजयी, असें नव्हतें. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे हा पहिला आला व त्याला सँडोचीच मूर्ति बक्षीस मिळाली. खेळाचें उत्पन्न दक्षिण आफ्रिकेंतील युद्धग्रस्तांच्या मदतनिधीस गेलें. त्याच वर्षीं ब्रिटिश म्यूझियमच्या निसर्गेतिहास विभागानें उत्तम मानवी शरीराचा नमुना म्हणून सँडोच्या सर्वांगाचा प्लॅस्टरचा सांचा काढून घेतला.

यानंतर तो जगाच्या सफरीस निघाला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका असे देश पाहत १९०४-०५ मध्यें तो हिंदुस्थानांत आला, व कलकत्ता, मुंबई इत्यादि शहरीं त्यानें आपले प्रयोग केले. त्याची कीर्ति मात्र त्याच्या आधींच येथें पोंचली होती. औंध संस्थानचे श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं तरुणपणीं सँडोचीं पुस्तकें व साधनें मागवून कित्येक वर्षें त्याच्या पद्धतीनें व्यायाम केला होता. पुढें ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि त्यांचे मोठे प्रचारक झाले. साधन बदललें, परंतु रोज, नेमानें, घरच्या घरीं, थोडा वेळ, हें सूत्र कायम राहिलें. आपल्या तालमींतील दंड, बैठका व जोर यांचेंही सूत्र याहून निराळें नाहीं.

१९०७ सालीं मानवी शरीराच्या पुनर्रचनेवरील त्याचा मोठा ग्रंथ कॉनन डॉयल यांच्या प्रस्तावनेसह निघाला. १९११ सालीं बादशहा पंचम जॉर्ज यांचा शारीरिक शिक्षणाचा खास शिक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. मान मिळाला, धन मिळालें. आणि येथेंच त्याचें पाऊल घसरलें. नांवाला बाजारांत किंमत आली होती, ती वटविण्याचा मोह त्याला आवरला नाहीं. व्यायामाचीं साधनें विकणें समजण्यासारखें होतें. परंतु आतां सँडोचा कोको निघाला, आणि तो आरोग्य व बल देणारा म्हणून जाहिरातींतून मिरवूं लागला. थोडा हिशेब करून पाहूं. कोकोच्या भुकटींत सुमारें एक पंचमांश प्रथिनें असतात, हें खरें. परंतु पेलाभर पेयांत भुकटी पडते ती पांच-दहा ग्रॅम. म्हणजे प्रथिनें एक-दोन ग्रॅमच. त्याच पेल्यांतील पावशेर दुधांत तीं आठ ग्रॅम असतात. जें कांहीं बळ मिळावयाचें तें दुधाचें होतें, नांव मात्र डब्यावर सँडोचें होतें. ज्यानें एकदां ताटांत जादू नाहीं असें सांगितलें, त्यानेंच पुढें डब्यांत जादू आहे असें लोकांस वाटूं दिलें. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमींत, १९१६ सालीं, हा कोकोचा धंदा बुडाला व सँडोस मोठा फटका बसला.

यासाठीं एकट्या सँडोसच दोष देणें बरोबर होणार नाहीं. त्याच काळीं दुधांतील प्रथिनें वाळवून केलेली प्लास्मॉन नांवाची भुकटीही इंग्लंडांत बलवर्धक म्हणून विकली जात होती, आणि आज तिचींच भावंडें मोठमोठ्या डब्यांतून दुकानोंदुकानीं मांडलेलीं दिसतात. अशी भुकटी म्हणजे विष नव्हे. तें अन्नच आहे, परंतु महाग अन्न आहे. जें दूध, डाळ, अंडें, शेंगदाणे यांतून मिळतें, तेंच तिच्यांतून मिळतें. डबा विकत घेतां येतो, व्यायाम विकत घेतां येत नाहीं. म्हणून डब्यावर विश्वास ठेवणें सोपें जातें.

ता. १४ ऑक्टोबर १९२५ रोजीं सँडो लंडन येथें वारला. त्याचें वय तेव्हां अवघें ५८ वर्षांचें होतें. खड्ड्यांत गेलेली मोटार एकट्यानें उचलल्यामुळें त्याचा अंत ओढवला, अशी कथा पसरली. लोकांना आपल्या वीराचा शेवटही बलाच्या प्रयोगानेंच व्हावा असें वाटत असावें. मृत्यूचें कारण महारोहिणी फुटणें हें होतें. पटनी व्हेल येथील स्मशानभूमींत त्याला पुरण्यांत आलें, आणि पत्नीच्या इच्छेवरून थडग्यावर नांवाचा दगडसुद्धां बसविला गेला नाहीं. ज्याचें नांव एके काळीं भिंतीभिंतींवर झळकत होतें, त्याचें थडगें पाऊणशें वर्षें निनांवी राहिलें. २००२ सालीं एका चाहत्यानें तेथें दगड बसविला, व २००८ मध्यें त्याच्या पणतवानें त्या जागीं मोठी शिळा उभारली.

आतां या चरित्राच्या आधारें आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. शरीरांत स्नायु वाढावेत, परंतु मेद वाढूं नये, यासाठीं काय करावें? पहिली गोष्ट ही, कीं स्नायूस वाढण्याची आज्ञा व्यायाम देतो. अन्न केवळ सामग्री पुरवितें. गवंडी कामावर नसतां अंगणांत कितीही विटा आणून टाकल्या, तरी भिंत उभी राहत नाहीं. ढीग मात्र वाढतो. शरीरांतील तो ढीग म्हणजे मेद. तालीम सुटली पण खुराक सुटला नाहीं अशा पैलवानाचें पोट सुटलेलें आपण सर्वांनीं पाहिलें आहे, त्याचें कारण हेंच.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. प्रथिनांचा व पिष्टमय पदार्थांचा प्रत्येक ग्रॅम सुमारें ४ उष्मांक देतो, आणि स्निग्ध पदार्थांचा ९. मोठा चमचाभर तूप म्हणजे सुमारें सव्वाशें उष्मांक. गरजेपेक्षां रोज ५०० उष्मांक जास्त पोटांत गेले, तर आठवड्याकाठीं जवळजवळ अर्धा किलो मेद सांठूं शकतो. उलट स्नायु महिन्याकाठीं किलोभर वाढले, तर तें नवशिक्याचें मोठेंच यश समजावें. म्हणून नेहमींच्या जेवणावर दोन-तीनशें उष्मांकांची भर पुरेशी असते. त्याहून अधिक तें बहुधा कमरेभोंवतीं जातें. आणि आपल्या घरच्या अन्नांत प्रथिनें नाहींत असेंही कोणीं समजूं नये. पन्नास किलो वजनाच्या, नेमानें व्यायाम करणाऱ्या विद्यार्थ्यास रोज फार तर ८० ग्रॅम प्रथिनें लागतील. दोन पेले दूध १६ ग्रॅम, दोन अंडीं १२, पाऊणशें ग्रॅम डाळीचें वरण १६, तीनशें ग्रॅम पिठाच्या भाकरी किंवा पोळ्या ३०, आणि मूठभर शेंगदाणे ६. बेरीज बरोबर ८० होते. अंडीं न खाणाऱ्यानें साठ ग्रॅम फुटाणे खावेत, हिशेब तोच राहतो. वाढत्या वयांत आठ ते दहा तास झोप हवी, हें मात्र विसरूं नये. भिंत रात्रीं बांधली जाते.

तिसरी गोष्ट मापाची, आणि ही सँडोची खास देणगी. नुसत्या वजनकाट्यावर विसंबूं नये. महिन्यांतून एकदां फितीनें दंड, छाती व कंबर मोजावी. दंड व छाती वाढून कंबर तेवढीच राहिली, तर आहार बरोबर आहे. सर्वांत आधीं कंबरच वाढूं लागली, तर ताटांतील तूप-साखर कमी करून व्यायामाकडे लक्ष द्यावें. फीत कोणाची भीड धरीत नाहीं.

शेवटीं एक इशारा. १९७७ पासून मिस्टर ऑलिंपिया या जगप्रसिद्ध स्पर्धेंतील विजेत्यास सँडोची मूर्ति देण्यांत येते. परंतु त्या रंगमंचावरील प्रचंड शरीरांपुढें स्वतः सँडो किरकोळ दिसला असता. याचें कारण केवळ आहार किंवा कष्ट नव्हे. पुरुषत्वाचा संप्रेरक टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनें प्रथम तयार झाला तो १९३५ सालीं, म्हणजे सँडोच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं. त्यापासून निघालेल्या औषधांनीं स्नायु फुगतात, पण हृदय, यकृत व वाढत्या मुलांचीं हाडें यांस धोका पोंचतो. म्हणून आजचीं कांहीं छायाचित्रें पाहून आपल्या शरीराचा धिक्कार करण्याचें कारण नाहीं. सँडोचीं जुनीं छायाचित्रें पाहावींत. अन्न, झोप व नियमित श्रम एवढ्यावर मनुष्याचें शरीर किती सुंदर होऊं शकतें, याची खरी साक्ष तेथें मिळते.

सँडोनें दोन शिकवणी मागें ठेविल्या. एक त्याच्या पुस्तकांत होती, दुसरी त्याच्या कोकोच्या डब्यावर. डबा केव्हांच रिकामा होऊन नाहींसा झाला. पुस्तकांतील शिकवण मात्र अजून ताजी आहे: साधें अन्न, खरी भूक, पुरती झोप, आणि उद्यांवर न टाकलेला आजचा व्यायाम. यांत खर्च थोडा आहे, परंतु धीर मात्र पुष्कळ लागतो. आणि बहुधा म्हणूनच तिला गिऱ्हाईक कमी.